घरच्या हाताचा पाट

अण्णा,

आज पाट देऊन आले. आंबिवलीला, आपल्या त्याच मूर्तिकाराकडे. म्हणजे तुमच्या वेळचे ते आता नाहीत, त्यांचा मुलगा बघतो सगळं. डोंबिवलीतली त्यांची शेड गेली, म्हणून कारखाना तिकडे हलवलाय. आई जेवून आडवी झाली आहे, ओट्यावर भांडी तशीच पडली आहेत, आणि मी जेवायच्या टेबलावर तुम्हाला लिहायला बसले आहे. ह्या टेबलाची काय दशा झाली ते पुढे सांगते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला जरा थांबावं लागतं. पण गेले दोन महिने तुम्ही माझ्याशी जेवढं बोललात तेवढं हयातीत बोलला नव्हतात. कुणीतरी उत्तर द्यायला हवं ना.

आधी वाईट बातमी सांगून टाकते. तुम्ही केलेला पाट गेला. तुमच्यामागे गणपती दादाकडे गेला हे रीतीला धरूनच होतं, मुलाकडेच जातो. दादा आता माजिवड्याला राहतो, पार वरच्या मजल्यावर. त्याच्या गॅलरीतून तुमच्या कंपनीची जागा दिसते. कंपनी नाही, तिथेही टॉवर आहेत. दादाने इतकी वर्षं सगळं तुमच्यासारखंच केलं, मी त्याला नावं ठेवणार नाही. नागपंचमीच्या आत पाट कारखान्यात नेऊन द्यायचा, त्याच पाटावर मूर्ती घडायची, चतुर्थीला त्याच पाटावर बसून घरी यायची, आणि विसर्जन झालं की पाण्यातली मूठभर वाळू घालून पाट परत घरी आणायचा. गावात होतं तसंच. मूर्तिकार पाटाच्या मागच्या कडेला पेन्सिलीने नाव लिहायचा, तेसुद्धा तुम्ही गेल्यावर तुमचंच राहिलं. दादाने कधी बदलायला सांगितलं नाही आणि मूर्तिकाराने कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी विसर्जनाला दादा कृत्रिम तलावावर गेला. तिथे पाण्यात उतरलेली पोरं असतात, ती म्हणाली, काका, द्या इकडे. ह्याने दिला. मागे लाईन, पुढे ढकलाढकली, ह्याला वाटलं पाट परत देतील, त्यांना वाटलं पाटासकट सोडायचाय. दादा घरी आला तेव्हा त्याच्या हातात मोबाईल आणि गाडीची चावी. आई दारात निरांजन घेऊन उभी होती, पाटाला ओवाळायला. तिने त्याच्या हातांकडे बघितलं आणि विचारलं, "पाट?" तो म्हणाला, "अगं आई, गेला त्याच्याबरोबर." आईने निरांजन देवापुढे ठेवलं आणि जाऊन पंख्याखाली बसली. मला त्या क्षणी दादाचा राग आला नाही, त्याची कीवच आली. माणूस असा गर्दीत गडबडतो, पण आई कायमची लक्षात ठेवते.

मग ह्या वर्षी चैत्रात दादाने विषय काढला. वहिनीचे गुडघे गेलेत, मुलगा कॅनडात, स्वयंपाकाला कोणी नाही, तर यंदापासून थांबूया, असं तो फार सावकाश, चहात बिस्कीट बुडवत म्हणाला. आई म्हणाली, "मग आमच्याकडे आणा." आम्ही दोघी सध्या ठाकुर्लीला भाड्याच्या घरात आहोत, कारण डोंबिवलीची आपली बिल्डिंग पाडायला घेतली आहे. दादाने विचारलं, "आमच्याकडे म्हणजे? करणार कोण?" आईने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. मी, वयाची पन्नाशी ओलांडलेली, लग्न न केलेली मुलगी. आपल्यात कोणाच्या मुलीने घरचा गणपती चालवल्याचं मी ऐकलेलं नाही. दादा नाही म्हणाला नाही. फक्त म्हणाला, "आणि पाट?" तेव्हा आईने जे सांगितलं त्यानेच पुढचं सगळं घडलं. ती म्हणाली, "पाट घरातल्या हाताचा हवा. विकतच्या पाटावर मी त्याला बसवायची नाही. नाही झाला तर नाही. मी समजेन, त्याला यायचं नाही." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मी करते. अण्णा, जिने आयुष्यभर लोकांना "हलू नका, श्वास रोखा" म्हणत एक्स-रे काढले, जिला नारळ धड सोलता येत नाही, ती म्हणाली, मी करते.

लाकूड कुठलं ते तुम्ही ओळखलं असेल. बिल्डिंग रिकामी झाली तेव्हा भंगारवाला एकेक दार, चौकट, ग्रिल टेम्पोत भरत होता, आणि शेवटी त्याने खालचा बाक उचलला. बदामाच्या झाडाखालचा, तुम्ही रिटायर झाल्यावर केलेला. मी खाली धावले आणि म्हणाले, बाक न्या, बसायची फळी मला द्या. तो म्हणाला, "मॅडम, सडलेली आहे, जाळायला पण नाय कामाची." खरंच तशी दिसत होती. ऊन-पावसाने करडी पडलेली, वरच्या शिरा उघड्या पडलेल्या, मध्ये खोलगट, आणि एका कोपऱ्याला चांगलाच पीळ. कुणी चावीने बदाम कोरलेला, त्यात बाण. पण मला ठाऊक होतं की ती कंपनीतल्या मशीनच्या खोक्याची सागवानी फळी आहे, तुम्ही साहेबांना विचारून आणलेली, फूटभर रुंद, एकसंध. तिच्यावर अख्ख्या बिल्डिंगने बसून भाजी निवडली, भांडणं केली, लग्नं जमवली. फळी आमच्या पलंगाखाली येऊन पडली. आई म्हणाली, "त्या बाकाची? लोकांच्या बुडाखालची फळी देवाला?" मी म्हटलं, रंधून काढली की आतून कोरी करकरीत निघेल. आईने थोडा विचार केला आणि म्हणाली, "हं. बसणारे आपलेच होते म्हणा."

तुमची पेटी उघडली तेव्हा पहिल्यांदा खोबरेल तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास आला. दोन्ही रंधे होते, लांब आणि छोटा. तुम्ही पाती काढून तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली, म्हणजे शेवटच्या आजारपणाआधी कधीतरी तुम्ही हे आवरून ठेवलं असणार. काटकोन तपासायचा गुण्या होता, पटाश्या होत्या, मध्ये झिजून खोलगट झालेला धारेचा दगड होता, आणि तळाशी एक साधी सागाची पट्टी होती, हातभर लांब, एका कडेला पांढरी रेघ. ती पट्टी मी उचलून बाजूला ठेवली. कसली तरी उरलेली पट्टी असेल असं वाटलं. ही पट्टी लक्षात ठेवा, तिने मला फार रडवलं.

रंधा हातात घेतल्यावर मला कंपनीतली खंडेनवमी आठवली. त्या दिवशी घरच्यांना बोलवायचे, आठवतं? मी परकर-पोलक्यात आहे, आईने माझ्या वेण्यांना झेंडू बांधलाय, आणि तुम्ही मला तुमचं खातं दाखवताय. लोखंड ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना करतात, ते पॅटर्नचं खातं. लांबलचक टेबलावर तुमचे सगळे रंधे एका ओळीत कुशीवर ठेवलेत, प्रत्येकाला कुंकू, प्रत्येकावर एकेक फूल. मी विचारते, हे झोपलेत का? तुम्ही म्हणता, "आज त्यांना सुट्टी." तुम्हाला विनोद करताना मी तेवढं एकदाच पाहिलं असेन. मग पुढे, मी नोकरीला लागलेली, तुम्ही खाली बाक करताय, मी चहा घेऊन येते आणि जागा करायला रंधा उचलून फरशीवर ठेवते, तोंडावर, पातं खाली. तुम्ही चहा घेत नाही. रंधा उचलता, बोटाने धार चाचपता आणि म्हणता, "कुशीवर ठेवावा. तोंडावर नाही." बस, एवढंच. पण त्यानंतर चहा संपेपर्यंत तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, आणि मी अख्खा जिना चढेपर्यंत तुमच्यावर मनात चिडत होते. एवढ्या-तेवढ्यावरून माणसाला पाण्यात बघायचं म्हणजे काय. आता सांगते, दोन महिन्यांत मी एकदाही रंधा तोंडावर ठेवलेला नाही.

जेवायचं टेबल भिंतीला टेकवलं, फळी पुढे सरकू नये म्हणून टेबलावर एक पट्टी ठोकली. आई दुसऱ्या खोलीतून म्हणाली, "खिळे ठोकतेस त्या टेबलाला?" मी म्हटलं, टेबल विकतचं आहे, त्याला चालतं. तिला ते पटलं. मोबाईलवर परदेशातले दाढीवाले बाप्ये रंधा मारताना बघितले. त्यांच्या वर्कशॉपमध्ये आपलं अख्खं घर मावेल. ते एक हात फिरवतात आणि लाकडाची लांबच लांब पापुद्र्यासारखी ढलपी निघते. माझी निघाली ती भुकटी. आधी तारेच्या ब्रशने माती घासून काढायची हे मला कळलं, पण फळीत खिळा मोडून राहिला असेल हे कळलं नाही. तुम्ही बाकाला खिळा मारलाच नव्हता, सगळे सांधे लाकडाचेच होते. पण नंतर सोसायटीने त्यावर "येथे गाड्या लावू नयेत" असा पत्रा ठोकलेला. पत्रा गेला, खिळ्याचं टोक राहिलं. रंधा त्यावर असा अडकला की मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिणी आली, आणि पात्याला खांडा पडला. मग प्रत्येक ढलपीबरोबर फळीवर एक बारीक उंच रेघ उठायला लागली. सगळी हयात लोकांची हाडं आरपार बघण्यात गेली आणि घरातल्या फळीतला एक खिळा मला दिसला नाही. शेवटी फ्रीजवरचं मॅग्नेट काढलं, दादाने काश्मीरहून आणलेला शिकारा, आणि तो फळीवरून फिरवला. शिकाऱ्याने आणखी दोन खिळे शोधून दिले. आई हसली, म्हणाली, "एवढा पैसा घालून काश्मीरला गेले त्याचं सार्थक झालं."

खांडा काढायला चार सकाळी लागल्या असतील. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर पातं घासायचं, हे मी त्या दाढीवाल्यांकडूनच शिकले, तुमचा दगड मला जमला नाही. पण मग एका सकाळी धार लागली. आधी आडवं, मग उभं, हे तुमचं वाक्य कुठून आठवलं देव जाणे. तिरका, आडवा रंधा मारत उंच भाग खाली आणायचा आणि नंतरच लाकडाच्या शिरांच्या बाजूने जायचं. करडा थर गेला आणि खालून साग निघाला, मधासारखा, आणि तो तेलकट वास सगळ्या घरात पसरला. आई देवपूजा अर्धी टाकून बाहेर आली. ती जवळ येऊन उभी राहिली आणि एक ढलपी बोटाला गुंडाळून बघत बसली. बदाम आणि बाण केव्हाच गेले होते. मी फळीवर पेन्सिलीने आडव्यातिडव्या रेघा मारायचे आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत रंधत राहायचे. खोलगट भागातली रेघ शेवटपर्यंत राहते, ती गेली की समजायचं पोहोचलो. मला त्या कामाची चटक लागली. ड्युटीला जायच्या आधी सकाळी साडेसहाला उठून मी रंधत बसायचे आणि खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन विचारून गेली, "काकू, मसाला वाटताय का रोज?"

वरची बाजू झाली, मापाने कापलीही, आणि मग खालच्या बाजूवर घोडं अडलं. तिथे पाटाचे दोन पाय बसवायचे, म्हणजे ती बाजू चुकली की पाट डुगडुगणार. आणि डुगडुगणाऱ्या पाटावर मातीची मूर्ती म्हणजे ती तडकणारच, हे तुम्हीच दरवर्षी सांगायचात. मी फरशीवर फळी ठेवायचे, कोपरे दाबायचे, ज्या दोन कोपऱ्यांवर ती झुलते ते थोडे रंधायचे, पुन्हा ठेवायचे. पुन्हा डुगडुग. पुन्हा रंधा. एक कोपरा गेला की दुसरा बोलायला लागायचा. असं करत करत दोन बोटं जाडीची फळी एका बोटावर आली आणि डुगडुग होती तिथेच. पाय बसवायला खाच घ्यायला जाडी उरली पाहिजे, नाहीतर मूर्ती चढल्यावर फळी मध्येच चिरायची. नागपंचमी समोर आलेली. अण्णा, हे नुसतं लाकूड राहिलं नव्हतं. हा पाट झाला नाही तर घरात गणपती येणार नाही, आई मनाशी म्हणेल की त्याला यायचं नाही, आणि ती ते मला कधीच बोलून दाखवणार नाही. तेच मला सोसणार नव्हतं.

त्या रविवारी दादा आला. पाट बघितला, उचलून हाताने तोलला आणि म्हणाला, "पातळ झालाय गं." मी म्हटलं, माहीत आहे. तो म्हणाला, "मी एक तयार आणतो सागवानी. आईला सांगू तू केलास. आपल्याशिवाय कोणाला कळतंय." त्याने ते चांगल्या मनानेच म्हटलं. पण मी त्याच्यावर भडकले. म्हणाले, "तुझ्या हातून गेला म्हणून मी करतेय, आता तू मला शिकवू नकोस." बोलून झाल्यावर मला कसंतरीच झालं. त्याचा चेहरा उतरला. तो जाऊन स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभा राहिला, आणि काहीतरी करायचं म्हणून त्याने ती फळी ओट्यावर ठेवून दाबली. आणि म्हणाला, "इकडे तर उलटं डुगडुगतंय." मी जाऊन बघितलं. फरशीवर जे दोन कोपरे हलत होते ते ओट्यावर घट्ट, आणि बाकीचे दोन हलत होते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भाड्याच्या घराची फरशी. बिल्डरने बसवलेली, कुठे उंच कुठे बसकी. मी आठवडाभर फळी सपाट करत नव्हते, फळीला त्या फरशीचा खड्डा शिकवत होते. जमिनीवर विश्वास टाकून मी तुमची फळी झिजवली.

दोघं भाऊ-बहीण ओट्यापाशी तशीच उभी. आणि आई आतून काठी टेकत आली आणि म्हणाली, "ह्यांच्या त्या दोन पट्ट्या कुठेयत?" मी म्हटलं, कुठल्या दोन? एकच आहे पेटीत. आईने न्हाणीघराच्या खिडकीकडे बोट केलं. अण्णा, दुसरी पट्टी तिथे होती. डोंबिवलीच्या घरापासून ती खिडकीचं दार अडवायला लागायची, घर बदललं तशी तीही सामानात आली, आणि इतकी वर्षं मी रोज अंघोळ करताना ती बघत होते. साबणाच्या पाण्याने पांढरट झालेली, पण सरळच्या सरळ. मी म्हटलं, "आई, आधी का नाही सांगितलंस?" तर म्हणते, "तू विचारलंस का? तुझे ते दाढीवाले सांगत होते ना." मग स्वतःच म्हणाली, "पण आता खिडकीला काय लावू?" दादाने तिला चपलेचा खोका दुमडून दिला.

तिने खुर्ची मागवली आणि बसून सांगायला लागली. फळीच्या ह्या टोकाला एक पट्टी आडवी ठेव, पलीकडच्या टोकाला दुसरी, कडेवर उभी. आता एक डोळा मिटायचा आणि अलीकडच्या पट्टीच्या वरून पलीकडची बघायची. दोन्ही कडा एक झाल्या तर फळीला पीळ नाही, एक बाजू वर दिसली तर तो कोपरा उंच. फरशी नको, ओटा नको, फक्त त्या दोन पट्ट्या आणि एक डोळा. मी विचारलं, तुला हे कसं माहीत? ती म्हणाली, "ह्यांच्या डोळ्यात कंपनीत तो लाकडाचा कण गेलेला ना. त्यानंतर पाट केला तेव्हा मलाच बघायला बसवायचे. हं, उजवी वर. हं, आता बस. कंटाळा यायचा गो, भात लागायचा माझा." इतकी वर्षं मला वाटत होतं तो पाट तुमच्या एकट्याच्या हातचा. तुम्हीही कधी सांगितलं नाहीत. नंतर ती मोतीबिंदू काढलेल्या चांगल्या डोळ्यावरच हात ठेवून बघायला गेली, मग हात बदलला, आणि खुर्चीच्या कडेवर सरकून त्या पट्टीवरून बघत राहिली. आम्ही दोघं श्वास रोखून. ती म्हणाली, "तुझी ती खिडकीकडची बाजू वर आहे. पण थोडीच. एवढं काही बिघडलेलं नाही."

पुढचे दोन दिवस आम्ही तिघांनी काम केलं असं म्हणायला हरकत नाही. मी लांब रंध्याने दोन हात मारायचे, दादा पट्ट्या ठेवायचा, आई डोळा लावायची. "अजून. अजून. थांब." मधेच चहा, मधेच आई दादाला म्हणाली, "तुझ्या हातून पाट गेला त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, त्याला जायचं होतं." दादा ढलप्या गोळा करून पिशवीत भरायला लागला. मला त्याला सॉरी म्हणायचं होतं, ते राहूनच गेलं. त्याऐवजी मी त्याला रंधा दिला, घे, मार. त्याने एक हात मारला आणि फळीत चरा पाडला. आई म्हणाली, "राहू दे. तू गाडी चालव." जाडी उरली. तुमच्या पाटाएवढी नाही, पण पाय बसवायला पुरेशी. कापून उरलेल्या तुकड्यातून दोन पाय केले आणि खाच घेऊन बसवले. बाकाची कड मी एका बाजूला तशीच ठेवली आहे, करडी, न रंधलेली. तिकडे मूर्तीची पाठ येते. का ठेवली ते मला नीट सांगता येणार नाही.

आज सकाळी दादाने आंबिवलीला गाडीने सोडलं. कारखान्यात सगळीकडे शाडूची माती, ओल्या मूर्तींच्या रांगा, आणि एका भिंतीला लोकांचे पाट एकावर एक. मूर्तिकाराने आपला पाट जमिनीवर न ठेवता त्याच्या लोखंडी टेबलावर ठेवला आणि चारी कोपऱ्यांवर अंगठे दाबले.  शेवटच्या कोपऱ्यावर तो थांबला, पुन्हा दाबला. म्हणाला, "हा किंचित आहे. चालेल, मातीचं वजन आलं की बसेल." किंचित आहे, मला माहीत होतं. जाडीच्या भीतीने मी तिथे हात आवरला. तुम्ही आवरला नसता. मग त्याने पाट उलटा करून बघितला, त्या करड्या कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "घरीच केला?" दादा माझ्याआधी म्हणाला, "हिने केला."

मग त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि म्हणाला, "दरवर्षीचंच नाव टाकतो." तुमचं. गाडीत बसल्यापासून माझंही तेच ठरलेलं होतं. फळी तुमची, रंधे तुमचे, पट्ट्या तुमच्या, दुसरं नाव लिहायचा प्रश्नच नव्हता. मी तोंड उघडलं आणि माझं नाव सांगितलं. पूर्ण नाव, मधे तुमचं, शेवटी आडनाव. मूर्तिकाराने एकदा दादाकडे बघितलं. दादाने पाट त्याच्या हातून घेतला, टेबलावर नीट आडवा धरला आणि म्हणाला, "पेन्सिलीने नका लिहू, पुसलं जातं. मार्कर आहे का?"

घरी आल्यावर आईने विचारलं, घेतला ना त्याने पाट? मी हो म्हणाले. नाव कोणाचं घातलं ते तिने विचारलं नाही, चतुर्थीला दिसेलच तिला. रंधे पुसून पेटीत ठेवले आहेत, कुशीवर. पट्ट्या दोन्ही आत ठेवल्यात, खिडकीला खोकाच राहू दे. हे पत्र टपालात टाकायचं नाही हे मला माहीत आहे, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं. नाव तुमचं द्यायचं असं पक्कं ठरवून गेले होते, अण्णा. ऐनवेळी माझं दिलं. परत येताना सगळा रस्ता मी वाट बघत होते, आता वाईट वाटेल, आता वाटेल. नाही वाटलं.